मांजराच्या पंजातलं नाणं

ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे अघळपघळ झालं होतं ते थोडं आवरलंय. सगळं नाही.

मोबाइलच्या दुकानात, मोमोजच्या स्टॉलवर, कधी कधी तर दाताच्या डॉक्टरांकडेही काउंटरवर एक मांजर बसलेलं असतं. एक पंजा सारखा हलवत. आपल्याकडे त्याला सर्रास ‘चायनीज मांजर’ म्हणतात, पण ते मूळचं जपानी. मानेकी-नेको. पुढच्या वेळी नीट बघा, दुसऱ्या पंजात त्याने छातीशी एक लांबट सोनेरी चकती धरलेली असते. पुष्कळ मांजरांच्या चकतीवर जपानी अक्षरांत एक कोटी र्‍यो असं लिहिलेलं असतं. ही चकती म्हणजे कोबान, जपानच्या एदो काळातलं सोन्याचं नाणं. खऱ्या कोबानची किंमत मात्र एकच र्‍यो असायची, त्यामुळे मांजर चांगलंच फेकतंय म्हणायचं.

जपानीत एक म्हण आहे, ‘मांजराला कोबान’. आपण ‘गाढवाला गुळाची चव काय’ म्हणतो, अगदी तेच. म्हणजे ज्या प्राण्याला सोन्याची किंमत कळत नाही म्हणून म्हण तयार झाली, त्याच्याच हातात नाणं देऊन दुकानात बसवलंय.

या विषयाकडे मी वळले ते तुमच्यातल्याच काहींच्या मेसेजमुळे. गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणांनी कोबानचे फोटो पाठवून विचारलं, ‘ताई, हे ऑनलाइन मिळतंय, घेऊ का?’ एकाने तर पहिल्या नोकरीतले साठवलेले पैसे बाजूला काढून ठेवलेत. आता पैसे खरे असताना उत्तर वरवरचं देता येत नाही. त्यामुळे आधी गोष्ट, मग खरेदी.

सुरुवात १६०१ पासून करू. सेकिगाहाराची लढाई जिंकून तोकुगावा इएयासुला वर्षही झालं नव्हतं. देश हातात आला, पण प्रत्येक सरदाराच्या मुलखात वेगळं सोनं, वेगळी चांदी. इएयासुने देशभर चालतील अशी नाणी पाडायला घेतली आणि सोन्याचं काम गोतो घराण्यातल्या मित्सुत्सुगुकडे दिलं. ही झाली केइचो कोबान. आपल्या नाण्यासारखी गोल नाही, तर लंबगोल, हातोडीने ठोकून पातळ केलेली, साधारण सात सेंटिमीटर लांब. वजन जेमतेम १८ ग्रॅम, त्यात सोनं ८४ टक्क्यांच्या आसपास आणि बाकी बहुतेक चांदी. पुढच्या बाजूला वर आणि खाली पंख्याच्या आकाराच्या चौकटीत पौलोनियाच्या पानाफुलांचं राजचिन्ह. मध्ये ‘एक र्‍यो’ आणि मित्सुत्सुगुचं नाव. आणि सगळ्या पृष्ठभागावर छिन्नीचे आडवे बारीक ठसे, चटईच्या विणीसारखे.

हिशेब तर आपल्याला घरचा वाटावा असा. एका र्‍योचे चार बु, एका बुचे चार शु. म्हणजे एका र्‍योचे सोळा शु! तुमच्या आजी-आजोबांना सांगून बघा, ते लगेच म्हणतील, सोळा आणे. बु म्हणजे पावली, शु म्हणजे आणा आणि दोन शुचं जे इवलंसं चौकोनी सोन्याचं नाणं होतं, निशुकिन, ती झाली चवली. दोन्ही हिशेबांचा एकमेकांशी काही संबंध नाही. चाराने भाग पाडत जाणं माणसाला सोपं जातं, इतकंच.

कोबानचा थोरला भाऊ म्हणजे ओबान. तळहाताएवढा, १६५ ग्रॅमचा. हा बाजारात चालायचा नाही, बक्षीस आणि नजराणा म्हणून दिला जायचा. त्यावरची किंमत आणि गोतो घराण्याची सही ठशाने नव्हे तर चक्क शाईने, कुंचल्याने लिहिलेली असे. शाई पुसली गेली की नाणं गोतोंकडे परत न्यायचं, पैसे भरायचे आणि पुन्हा लिहून घ्यायचं. आज संग्राहक ओबानच्या सोन्यापेक्षा त्या मूळ शाईसाठी जास्त पैसे मोजतात. सोन्यावर शाई भारी पडते, हे मला फार आवडतं.

हे सोनं यायचं कुठून? बरंचसं सादो बेटावरून, जपानच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडून. ही खाण २०२४ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली आणि ती बैठक आपल्या नवी दिल्लीतच झाली होती. रील्समध्ये खाणीचे सुंदर फोटो दिसतात. पण १७७८ पासून एदोच्या रस्त्यांवरची बेघर माणसं पकडून सादोला पाठवत होते. कशाला, तर जमिनीच्या पोटात साचलेलं पाणी उपसायला. दुसऱ्या महायुद्धात तिथे कोरियन मजूर राबवले गेले, म्हणून दक्षिण कोरियाचा या नोंदीवर आक्षेप होता. त्यांचा इतिहास तिथे प्रदर्शनात मांडायचं ठरलं, तेव्हा नोंद झाली. कोबान हातात घेतली की तिचं वजन अठरा ग्रॅमपेक्षा जरा जास्त लागतं ते त्यामुळे.

आता गोष्टीतला पहिला उस्ताद. ओगिवारा शिगेहिदे. १६९५ साल. शोगुनची तिजोरी रिकामी, खाणी आटत चाललेल्या, खर्च मात्र थांबत नाही. शिगेहिदेने जुनी नाणी परत घेऊन नवी पाडली. गेनरोकु कोबान. वजन तेच, आकार तोच, वरचा आकडा तोच, एक र्‍यो. पण आतलं सोनं ८४ वरून ५७ टक्क्यांवर! उरलेलं सोनं सरकारजमा. हिणकस नाणं काढायचा हा उद्योग जगभरच्या राजांनी केलाय, त्यात जपान वेगळा नाही.

वेगळं आहे ते रंगाचं काम. ५७ टक्के सोनं आणि बाकी चांदी असेल तर नाणं फिकट, पांढुरकं दिसणार. मग किन्झामध्ये, म्हणजे सोन्याच्या टांकसाळीत, कारागीर नाण्याला मीठ, सोरा, मोरचूद वगैरेंचा लेप लावायचे आणि तापवायचे. पृष्ठभागावरची चांदी त्या लेपात निघून जायची आणि वर शुद्ध सोन्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा उरायचा. हा मुलामा नव्हे, बरं का. बाहेरून काहीच चढवलेलं नाही, आतलंच सोनं वर आणलेलं. कसोटीच्या दगडावर हलकं घासलं तर बावनकशी वाटेल आणि खोल घासलं की पितळ उघडं, म्हणजे चांदी उघडी.

लोक काय दूधखुळे नव्हते. आपल्याकडचे सराफ जसे उतरत्या नाण्याला बट्टा कापायचे, तसं तिथेही झालं. जुनी केइचो लोकांनी दडवून ठेवली, नवी खर्च केली, भाव चढले. शिगेहिदेला १७१२ मध्ये पदावरून काढलं आणि वर्षभरात तो गेला. त्याला काढायला लावणारा आराई हाकुसेकी हा विद्वान. १७१४ मध्ये पुन्हा जुन्या कसाची कोबान निघाली. शाळेच्या पुस्तकी इतिहासात शिगेहिदे खलनायक आणि हाकुसेकी नायक. अलीकडे काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की वाढत्या व्यापाराला जास्त नाणी हवीच होती, शिगेहिदे काळाच्या पुढे होता. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. पण ज्याने केइचो कोबान देऊन गेनरोकु घेतली, त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे राहतंच.

इथे आपल्या बाजूचा एक धागा येतो. नागासाकीच्या देजिमा बेटावर बसलेली डच ईस्ट इंडिया कंपनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोबान जहाजात भरभरून बाहेर नेत होती. कुठे? कोरोमंडल किनाऱ्यावर, पुलिकत आणि नागपट्टणमला. तिथे कोबान वितळवून त्याचे पॅगोडा पाडायचे. पॅगोडा म्हणजे आपला होन! त्या पैशात कापड घ्यायचं, कापड पूर्वेच्या बेटांवर विकायचं, मसाले घ्यायचे. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे होन पाडले गेले, त्याच काळात पूर्व किनाऱ्यावर जपानी सोन्याचे होन निघत होते. वेंगुर्ल्याला डच वखारीची पडकी भिंत पाहिली असेल तर ती याच कंपनीची. काही कोबानवर डचांनी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, सिंहाचा छाप मारून त्या तिथे चालवल्याही. अशी सिंहछाप कोबान आज फार दुर्मीळ. गेनरोकुच्या हिणकस सोन्याने डचांचाही नफा आटला. जपानी कारागिराची रंगाची करामत दिसायला कितीही भारी असो, मुशीत घातली की संपली.

आता मधली शंभरेक वर्षं भराभर ओलांडू. कोबान हलकी होत गेली. १७३६ ला १३ ग्रॅम. १८३७ ची तेम्पो कोबान ११.२ ग्रॅम, सोनं ५७ टक्के. म्हणजे एका नाण्यात शुद्ध सोनं साधारण ६.४ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

१ जुलै १८५९. योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला उघडलं. आदल्या वर्षी अमेरिकेच्या टाउनसेंड हॅरिसने केलेल्या तहात एक कलम होतं, परदेशी नाणं आणि जपानी नाणं वजनाला वजन बदलून मिळेल. चांदीला चांदी, सोन्याला सोनं. ऐकायला किती न्याय्य!

पण जपानमध्ये तेव्हा इचिबुगिन नावाचं चांदीचं नाणं होतं. एक बुचं, ८.६ ग्रॅम. चार इचिबुगिन दिले की एक कोबान. इचिबुगिनमधली चांदी प्रत्यक्षात तेवढ्या किमतीची नव्हती. शोगुनचा शिक्का होता म्हणून ते पाव र्‍यो. देशाची दारं बंद होती तोवर हे चालून गेलं. दारं उघडली आणि हिशेब असा झाला: मेक्सिकन चांदीचे १०० डॉलर द्या, वजनाप्रमाणे ३११ इचिबुगिन घ्या. चाराला एक या दराने त्यांच्या ७७ कोबान घ्या. कोबान जहाजात टाका, शांघाय गाठा. तिथे सोनं चांदीच्या पंधरापट, जपानात जेमतेम पाचपट. कागदावर १०० चे ३०० झाले! परत या, पुन्हा करा.

त्या उन्हाळ्यात आणि शरदात योकोहामात काय झालं असेल, कल्पना करा. व्यापारी, खलाशी, नौदलाचे अधिकारी, सगळे इचिबुगिन बदलून घ्यायच्या रांगेत. खोट्या, थट्टेच्या नावांनी आणि अशक्य रकमांचे अर्ज सरकारी कचेरीत येऊन पडले. खुद्द ब्रिटिश प्रतिनिधी रदरफर्ड अल्कॉक आपल्याच लोकांच्या या वागण्यावर वैतागला. पण याच अल्कॉक आणि हॅरिसने जपानी अधिकाऱ्यांचा एक शहाणा तोडगा हाणून पाडला होता. शोगुनच्या माणसांनी बंदर उघडतानाच एक जड चांदीचं नवं नाणं आणलं होतं. ते वापरलं असतं तर डॉलरला तीनऐवजी एकच बु मिळाला असता आणि सगळा खेळ तिथेच संपला असता. तहाचा भंग म्हणून दोघांनी आरडाओरडा केला आणि नाणं महिन्याच्या आत मागे घ्यावं लागलं. मला विचाराल तर या गोष्टीत मूर्ख कुणीच नाही. जपानी अधिकाऱ्यांना धोका आधीच कळला होता, त्यांच्या हातात ताकद नव्हती.

किती सोनं गेलं यावर अभ्यासक अजून भांडतात, आकडे काही लाख र्‍योंच्या आसपास फिरतात. खरी कुऱ्हाड पडली ती नंतर. गळती थांबवायला १८६० मध्ये शोगुनने कोबानच लहान केली. मान्एन कोबान, ३.३ ग्रॅम! तेम्पोच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. आणि ज्याच्याकडे जुनी तेम्पो होती, तिची किंमत एका रात्रीत तीन र्‍योंच्या वर नेली. ज्याच्या घरी कोबान होत्या, तो तिप्पट श्रीमंत. हातावर पोट असणाऱ्याकडे कोबान नव्हतीच, त्याच्या वाट्याला आली फक्त महागाई. १८६६ मध्ये ओसाका आणि एदोत लोकांनी तांदळाच्या व्यापाऱ्यांची दुकानं फोडली. महागाईला इतरही कारणं होती, परदेशी व्यापार, यादवी युद्ध. पण १८६८ मध्ये शोगुनशाही गेली तेव्हा तिच्या पैशावरचा विश्वास आधीच गेलेला होता.

(अधूनमधून येणारा प्रश्न: शोगुनचं सोनं आकागी डोंगरात पुरलंय का? जपानी टीव्हीने त्यासाठी मोठमोठी यंत्रं लावून डोंगर खणलाय. काही मिळालं नाही.)

शेवटच्या धामधुमीत तर कहर झाला. लढायांचा खर्च भागवायला काही सरदारांनी चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन दोन बुची खोटी नाणी पाडली. ती परदेशी व्यापाऱ्यांच्या गळ्यात पडली आणि यावेळी तक्रार करायची पाळी त्यांची होती. त्यातूनच नव्या मेइजी सरकारने हाँगकाँगच्या बंद पडलेल्या टांकसाळीची यंत्रं विकत घेतली आणि १८७१ मध्ये ओसाकाची टांकसाळ सुरू केली. र्‍यो गेला, येन आला. एका येनमध्ये दीड ग्रॅम सोनं. वर ड्रॅगन, गोल आकार, कडेला दाते. १८९७ मध्ये येनचं सोनं निम्म्यावर आणलं, ड्रॅगनही गेला. वीस येनचं जुनं नाणं ३३ ग्रॅमचं, नवं साडेसोळाच्या वर थोडं. संग्रहात दोन्ही शेजारी ठेवली की एका नजरेत कळतं.

आणि हा खेळ संपला असं वाटत असेल तर १९८६ ऐका. सम्राट हिरोहितोंच्या राज्यकाळाला साठ वर्षं झाली म्हणून सरकारने एक लाख येनचं सोन्याचं नाणं काढलं. आत २० ग्रॅम शुद्ध सोनं. त्या वेळी तेवढ्या सोन्याची किंमत होती साधारण चाळीस हजार येन. म्हणजे ज्याला खोटं नाणं पाडायचं, त्याने खरं शुद्ध सोनं वापरलं तरी एका नाण्यामागे साठ हजारांचा फायदा! १९९० मध्ये एक लाखाहून जास्त बनावट नाणी जपानच्या बँकांमध्ये येऊन बसल्याचं उघड झालं. हजार कोटी येनच्या वरचा मामला. त्याच वर्षी नव्या सम्राटांच्या राज्यारोहणाचं एक लाखाचं नाणं निघालं, त्यात सोनं ३० ग्रॅम घातलं होतं. आज हिरोहितोंच्या नाण्यातल्या सोन्याचीच किंमत एक लाख येनच्या कितीतरी वर गेलीय, त्यामुळे ते पाडायचा धंदा आता तोट्याचा.

बरं, आता खरेदी. ज्यांनी पैसे बाजूला काढलेत ते सरसावून बसा.

पहिलं, नाणं घासू नका. आपल्याकडे सोनं म्हटलं की रिठ्याचं पाणी आणि ब्रश तयार. कोबानवरचा सोनेरी पापुद्रा किती पातळ आहे हे वर सांगितलंच. तो गेला की परत येत नाही. खूप हाताळलेल्या कोबानवर उंचवट्यांचा रंग फिका पडलेला असतो आणि छिन्नीच्या खाचांमध्ये पिवळाजर्द रंग टिकलेला असतो. फोटोत हेच शोधायचं. सगळीकडे एकसारखी झळाळणारी कोबान दिसली की माझा हात आपोआप मागे येतो.

दुसरं, मागची बाजू बघा. तिथे कोणत्या काळातली हे सांगणारं एक अक्षर बहुतेक कोबानवर असतं. आणि खाली डाव्या कोपऱ्यात दोन बारीक शिक्के, टांकसाळीतल्या कारागिरांचे. हे शिक्के जसे जुळतील तसे पडायचे. कधी योगायोगाने त्यांतून ‘दाइ’ आणि ‘किची’ ही अक्षरं जुळायची. दाइकिची, म्हणजे महाशुभ! अशी कोबान इतरांपेक्षा कैकपट महाग. साहजिकच, तिच्यावर खोटे शिक्के मारणारेही जास्त.

तिसरं, वजन आणि घनता. तेम्पो ११.२ ग्रॅम हवी. सोनाराच्या काट्यावर दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. दोन वजनांतल्या फरकाने हवेतल्या वजनाला भागा. तेम्पो कोबान असेल तर उत्तर १४ च्या जवळपास येईल, पितळेची असेल तर साडेआठ. पर्यटकांसाठी केलेल्या शोभेच्या कोबान लाखोंनी फिरताहेत, त्यातल्या बहुतेक इथेच गळतात. चलाख नकला गळत नाहीत, म्हणून जपानच्या नाणेविक्रेत्यांच्या सहकारी संघटनेचं प्रमाणपत्र असलेलंच नाणं घ्या. आणि मागवण्याआधी कस्टमचे नियम स्वतः वाचा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

पहिल्या पगारातून घेणाऱ्याला माझा सल्ला मात्र कोबानचा नाहीच. निशुकिन घ्या, ती सोन्याची चवली. मान्एन काळातली तर एक ग्रॅमही नाही, नखाएवढी, सोनं पाव हिश्श्याहून कमी. किंमत कोबानपेक्षा कितीतरी कमी. पण ती ज्या हातांमधून गेली ते हात सरदारांचे नव्हते. भाजीवाल्याचे, सुताराचे, खानावळवाल्याचे होते. १८६६ मध्ये तांदळाचा भाव विचारायला जो कुणी रांगेत उभा असेल, त्याच्या कमरेच्या थैलीत असलंच तर हे असलं नाणं होतं.

आणि टोकियोला कधी गेलात तर निहोनबाशीला बँक ऑफ जपानसमोरचं चलन संग्रहालय बघा. प्रवेश फुकट आहे. रस्त्यापलीकडे बँकेची इमारत जिथे उभी आहे, तिथेच ती किन्झा होती, सोन्याची टांकसाळ. मी गेले होते तेव्हा तिथे शाळेच्या मुलांची सहल आली होती आणि ओबानच्या काचेपुढून एक मुलगा काही केल्या हलत नव्हता. शिक्षिकेने दोनदा हाक मारली, मग हाताला धरून नेला.